उसवलेलं गाव

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. शिवणाच्या दुकानातलं, कापड बेतायचं. तुमच्या पुस्तकांतल्या जुन्या वस्तू फार गोड बोलतात. मला तसं जमत नाही. जन्मभर अंगावर कात्री चालली, त्यामुळे बोलणंही तसंच झालं आहे. गोड मानून घ्या, नाहीतर राहू द्या.

खरं तर मी आधी दार होतो. एका मोठ्या घराचं जाडजूड दार. ते घर पाडलं तेव्हा सुताराने मला उचलून आणलं, आडवं केलं, पाय ठोकले आणि कुलपाच्या भोकात लाकडाची गुटी बसवून वरून रंधा मारला. वरून कुणाला काही कळत नाही. खालून मात्र ती गुटी जरा आत राहिली आहे, बोटाचं टोक टेकेल एवढी. खालच्या बाजूला सुताराने रंधा मारलाच नाही. म्हणाला, "खालून कोण बघतंय?"

बघणारी पुढे आली. तिचीच ही गोष्ट आहे.

मला विकत घेणारी बाई शिवणकाम करायची. तिचा नवरा दूरगावी नोकरीला होता. इस्त्रीवर तिचा थोरला भाऊ असे. ते दिवस आठवले की अजून माझ्या फळ्या ऊन लागल्यासारख्या होतात. सकाळी शटर वर गेलं की पहिलं कापड माझ्यावर पसरायचं. खडूची रेघ, तिच्यामागून कात्री, खर्र खर्र. इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास. गिऱ्हाइकं माझ्या कडेला टेकून गप्पा मारायची आणि जाताना म्हणायची, "बाई, टेबल दणकट आहे हो तुमचं." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, पण छाती फुगायची. बेतून उरलेल्या चिंध्या बाई पायाने माझ्या खाली सारायची. तिथे ढीग व्हायचा.

त्या ढिगात बाईची मुलगी रांगत शिरली आणि तिथलीच झाली.

मामाने तिचं नाव सरकार ठेवलं होतं. हाक मारली तर ती लगेच ओ देत नसे. पाणी हवं का विचारलं तर उत्तर संध्याकाळी यायचं, कधी दुसऱ्या दिवशी. कुणी चिडलं की मामा म्हणायचा, "अहो, अर्ज पोचलाय. सरकारला सवड झाली की उत्तर येईल."

डॉक्टरांनी ऑटिझम असं सांगितलं. त्याला स्वमग्नता असाही शब्द आहे म्हणे. ज्याने तो शब्द काढला तो कधी टेबलाखाली बसला नसावा. ती पोर कापडाच्या विणीत मग्न होती, बटणाच्या भोकांत मग्न होती, माझ्या पायावरून चाललेल्या मुंगीत मग्न होती. स्वतःकडे बघायला तिला सवड होती कुठे?

दुकानातली ट्यूबलाइट गुणगुणते हे तुमच्या गावीही नसतं. पोरीला ती कानात सुई गेल्यासारखी वाटायची. त्यात मशीनची घरघर, गिऱ्हाइकांची बडबड, आणि आलेला प्रत्येक जण तिचा गाल ओढणार. असह्य झालं की ती माझ्या खाली यायची, गुटीवर बोट टेकवायची, किल्लीसारखं फिरवायची आणि म्हणायची, "आत." की झालं. अंग माझ्या खालीच असायचं, पण ती गेलेली असायची.

कुठे? ते मला ठाऊक आहे. ती पुटपुटायची आणि लाकूड सगळं ऐकतं.

आत एक गाव होतं. काळ्या साटीनची पट्टी म्हणजे नदी. पिवळ्या कॉर्डरॉयचं शेत, त्यावरून हात एकाच दिशेने फिरवायचा, उलटा फिरवला तर पीक रुसतं. रेघांच्या शर्टाचा तुकडा म्हणजे जिना. कोटाचं एक तपकिरी बटण तिथलं दिवाबत्तीवालं होतं, आणि त्याच्या कामात कुणी लुडबुड करायची नाही. त्या गावात घंटा नव्हत्या. प्रश्न दारात ठेवून जायचा, उत्तर तयार झालं की आतून मिळायचं. कुणी दोनदा विचारत नसे. कुणी म्हणत नसे, "माझ्या डोळ्यांत बघून बोल."

मित्रांनो, मी एवढी माणसं पाहिली, पण तशी सभ्य वस्ती बाहेर कुठे पाहिली नाही.

प्रत्येक चिंधीची जागा ठरलेली होती. बोटभर सरकली तरी तिला कळायचं. बाई झाडताना तेवढा भाग सोडून झाडायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सोडायची.

मग आत्या आली. आत्या वाईट नव्हती, तिला फक्त दुसऱ्याच्या घरात काय चुकतंय ते लवकर दिसायचं. वाकून माझ्या खाली बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, ही काय दशा आहे? पोर चिंध्यांत लोळतेय."

"खेळते तिथे."

"याला खेळणं म्हणतात? ती तिच्याच जगात असते आणि तुम्ही तिला तिथे भाडेकरू करून ठेवलंय. आता शाळा सुरू झाली. हे बंद करा."

मामा इस्त्री टेकवून म्हणाला, "ताई, आपण सगळेच आपापल्या जगात असतो. तिचं फक्त स्वच्छ आहे."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या विनोदांनी पोर सुधारणार नाही."

शाळेतूनही तक्रार आली होती. वर्गात बसत नाही, कान झाकून दाराशी उभी राहते. बाई त्या दिवशी कापड बेतता बेतता दोनदा थांबली. मुलीचा कोपरा मोडायला तिचं मन होईना आणि मुलगी शाळेत अशी उभी राहते हेही बघवेना. मग तिला एक युक्ती सुचली. अशी युक्ती शिवणाऱ्या बाईलाच सुचावी.

दोन तुकडे दिसले की तिचा हात ते जोडायला जातो.

मुलगी शाळेत असताना तिने माझ्या खालचं सगळं गोळा केलं आणि एक पांघरूण शिवलं. काय सुंदर शिवलं होतं! कडा जुळवलेल्या, रंगाशेजारी रंग, दुहेरी टीप, जन्मभर उसवू नये अशी. मधोमध ते तपकिरी बटण. भावाला म्हणाली, "आता ही जाईल तिथे तिचं सगळं सोबत जाईल. शाळेतसुद्धा." डोळे भरून आले होते तिचे. मी ओरडत होतो, नको, नको. पण टेबलाचं ओरडणं म्हणजे फार तर एक करकर. ती म्हणाली, "याला तेल घालायला हवं."

मुलगी आली. पांघरूण माझ्यावर पसरलेलं होतं. तिने बोट ठेवलं आणि रस्ता शोधू लागली. नदी शेताला शिवलेली. जिना उलटा लटकलेला. बोट प्रत्येक टिपेशी अडत होतं. ती रडली नाही. वाकून माझ्या खाली बघितलं. स्वच्छ फरशी होती.

बाई आशेने म्हणाली, "आवडलं?"

त्यानंतर ती माझ्या खाली आली नाही. दुकानाच्या मधोमध कानांवर हात ठेवून बसायची. जेवणाला तोंड लावेना. शटरवर कपाळ आपटायला लागली, एकसारखं, मशीनच्या ठेक्यात. बाईने नव्या चिंध्या आणून ओतल्या, चांगल्या, रेशमी. तिने ढुंकून पाहिलं नाही. तुमचं गाव पाडून कुणी तुम्हाला विटांचा ढीग दिला तर तुम्ही काय कराल?

आत्या म्हणाली, "बरं झालं. निदान बाहेर तरी आली."

बाहेर आली. याला म्हणतात म्हणे बाहेर येणं. पोरीच्या कपाळावर टेंगूळ, तोंडात शब्द नाही, आणि लोकांना आनंद की बाहेर आली! मला चार पाय आहेत, पण एकही उचलता येत नाही. त्या दिवशी याचं फार वाईट वाटलं.

शेवटी बाई तिच्यासमोर फरशीवर बसली. "माझं काय चुकलं, सांग ना. काय करू मी?"

बाई उत्तराची वाट पाहून उठली, कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एका गिऱ्हाइकाचं माप घेत होती. टेप त्या गृहस्थाच्या गळ्याभोवती होता. मागून आवाज आला, "उसव."

बाईचा हात थांबला. गृहस्थ म्हणाला, "अहो, सैल करा जरा."

"काय म्हणालीस?" बाईने विचारलं आणि लगेच जीभ चावली. दोनदा विचारायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या क्षणी कळलं असावं.

मुलगी पांघरुणाकडे बघत होती.

बाईने टेप सोडला. पांघरूण घेतलं, ब्लेडचं अर्धं पातं घेतलं आणि माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली. आत वाकणार, तोच थांबली. मुलगी आधीच माझ्या खाली शिरली होती आणि पाठमोरी बसली होती. बाईने माझ्या पायावर बोटाने वाजवलं. टकटक.

मी दार होतो तेव्हा माझ्यावर किती जणांनी थापा मारल्या असतील, पण टकटक अशी वाजली नव्हती.

बाई थांबून राहिली. गुडघे दुखत असणार. थांबली. मग आतून आवाज आला, "ये."

आई आत गेली. एकेक टीप उसवायला लागली. स्वतःच्या हाताची दुहेरी टीप, सुटता सुटत नव्हती. मोकळा झालेला तुकडा ती काही न बोलता पुढे धरायची. मुलगी कधी घ्यायची, कधी तसाच धरून ठेवायला लावायची. बाहेर गिऱ्हाइकं येत होती आणि मामा उत्तरं देत होता.

"बाई कुठे आहेत?"

"गावाला गेल्यात."

"कुठल्या गावाला?"

"जवळच आहे. वाट मात्र सापडत नाही."

उसवलेल्या तुकड्यांच्या कडेला सुईची भोकं राहिली होती. बाई ती बोटाने चोळून बुजवू लागली. मुलीने तो तुकडा तिच्या हातातून घेतला, उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला. "दिवे," ती म्हणाली. आणि तपकिरी बटणाला त्याच्याशेजारी नेऊन ठेवलं. त्याचं काम वाढलं होतं.

त्या संध्याकाळी ती जेवली.

पुढे ती मोठी झाली. माझ्या खाली मावेना. एक दिवस तिने स्वतःच सगळ्या चिंध्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि माझ्याखाली झाडू मारला. मला वाटलं, संपलं. गाव उठलं. पण ती माझ्यावर कापड बेतायला उभी राहू लागली, आणि दुकानात गोंगाट वाढला की तिचा डावा हात हळूच माझ्या कडेखाली जायचा. गुटीवर बोट. जरासं फिरवायची. डोळे उघडे, चेहरा शांत. घटकाभराने परत यायची आणि कात्री नेमकी रेघेवर चालायची. तेव्हा कळलं, गाव माझ्या खाली नव्हतंच. ते तिच्यात होतं. मी नुसतं दार होतो, आधीसारखाच.

आता दुकानात लोखंडी पायांचं गुळगुळीत टेबल आलं आहे. बाईला दिसतं कमी, ती बोटांनी चाचपत बटणांची काजं करत बसते. मामा गेला. मी मागच्या खोलीत आहे, अंगावर गाठोडी आहेत, एका पायाला वाळवी लागली आहे. मुलगी नव्या टेबलाशी उभी असते. त्याला गुटी नाही. तिच्या खिशात एक तपकिरी बटण असतं, तेवढं तिला पुरतं. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू?

आत्ताच एक गिऱ्हाईक आलं. त्यांचा लहानगा ट्यूबलाइटकडे बघून कान झाकत मागे पळाला आणि माझ्या खाली शिरला. किती वर्षांनी कुणाचा तरी श्वास माझ्या पोटाला लागला! बाप धावत आला, पाय धरून ओढणार, तेवढ्यात आमची सरकार दारात उभी राहिली.

"ओढू नका," ती म्हणाली. "वाजवा. आणि थांबा."

"किती वेळ थांबायचं?"

सरकारकडे अर्ज पोचला. कदाचित उद्या उत्तर देईल.

मित्रांनो, मला रंग लावा, तेल पाजा, असं मी म्हणणार नाही. उद्या माझं सरपण झालं तरी चालेल. पण तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी टेबलाखाली किंवा मनाखाली जाऊन बसलं असेल, तर त्याचे पाय धरून ओढू नका आणि त्याचं गाव तुम्हाला आवडेल तसं शिवू नका. बाप अजून माझ्यापाशी उकिडवा बसला आहे. आता त्याने हात उचलला. हळू वाजव रे बाबा, मी जुनं दार आहे.