दीपगृहाला न गेलेल्या दोघी

महिला मंडळाचा शिरस्ता ठरलेला होता. पहिल्या शनिवारी हॉलमध्ये कार्यक्रम, तिसऱ्या रविवारी सहल. कधी डॉक्टर येऊन गुडघेदुखीवर बोलायचे, कधी कुणी कागदाची फुलं करायला शिकवायचं. सहल कुठे काढायची, बस कुठली घ्यायची, कुणाला गाडी लागते म्हणून पुढे बसवायचं, हे सगळं टेलरताई बघायची. तिचं शिवणाचं दुकान हॉलच्या समोरच होतं. बायका ब्लाउजचं माप द्यायला यायच्या आणि जाताना सहलीला नाव देऊन जायच्या.

बसमध्ये ती कायम सिस्टरच्या शेजारी बसायची. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली. दोघींच्या मुली एका वर्गात शिकल्या, तेव्हापासूनची मैत्री. दोन वर्षांपूर्वी सिस्टरचा नवरा गेला आणि इतकी बोलकी बाई एकदम मिटल्यासारखी झाली. टेलरताईनं तिच्यासाठी काय काय नाही केलं? दुकान बंद करून रोज संध्याकाळी तिच्याकडे जायची, डबा न्यायची, तिचे केस विंचरून द्यायची. नवऱ्याचं कपाट तसंच बंद होतं. "आपण दोघी मिळून आवरू," असं तिनं कितीदा सुचवलं, पण सिस्टर नुसती मान हलवायची. टेलरताई घाई करत नव्हती. एक दिवस ती हाक मारेल आणि मी जाईन, असं तिनं मनाशी धरलं होतं.

अशात मंडळात क्रेनबाई आली.

बंदरावर क्रेन चालवण्यात तिची सगळी नोकरी सरली होती. उंच, खांद्यानं रुंद, आवाज खणखणीत. पहिल्याच शनिवारी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ती हॉल संपेपर्यंत बोलत राहिली. वरच्या केबिनमधून माणसं कशी मुंग्यांसारखी दिसतात, एकदा साहेबांची मोटार चुकून कशी उचलली गेली आणि साहेब आत बसून कसे हॉर्न वाजवत होते, हे तिनं हातवारे करून सांगितलं. बायका हसून बेजार झाल्या. आणि टेलरताईच्या शेजारी बसलेली सिस्टर तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

टेलरताईलाही हसू येत होतं, ते तिथेच अडकलं. दोन वर्षं मी उंबरे झिजवले, आणि ही कालची आलेली बाई एका मोटारीच्या गोष्टीवर बाजी मारून गेली. तिला आनंद व्हायला हवा होता, हे तिलाही कळत होतं. पण छातीत कुणीतरी टाचणी खुपसून ठेवावी तसं झालं, आणि पुढचे कित्येक दिवस ती टाचणी निघाली नाही. दुकानाच्या काचेतून तिला दोघी बाजारात जाताना दिसायच्या. मग मशीनवर पाय जरा जास्तच जोरात पडायचा. एकदा तर एका गिऱ्हाइकाची बाही तिनं उलटी जोडली.

पुढची सहल दीपगृहाला काढायची, हे क्रेनबाईनंच सुचवलं. टेलरताईला उंचीची भीती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतसुद्धा ती कठडा धरून उभी राहायची. सिस्टरला हे पक्कं ठाऊक होतं, तरी सिस्टर म्हणाली, "जाऊ या की. वरून समुद्र बघून किती दिवस झाले." झालं, ठरलं. आता वर कोण कुणाचा हात धरून उभं राहणार आणि खाली पिशव्या सांभाळत कोण बसणार, ते टेलरताईला आधीच दिसलं.

क्रेनबाई मोबाइल वापरतच नसे, कामावरची जुनी सवय. त्यामुळे मंडळाचा निरोप तिला तोंडीच द्यावा लागायचा. शनिवारी ती दुकानात विचारायला आली, तेव्हा टेलरताईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून तिनं शांतपणे सांगितलं की हॉलसमोरचा रस्ता खणलाय, बस बाजाराच्या मागच्या बाजूनं सुटेल. क्रेनबाई बरं म्हणून गेली. रस्ता धडधाकट होता. टेलरताईनं तिला परत हाक मारली नाही.

रविवारी सकाळी सगळ्या बसमध्ये बसल्या. सिस्टर टेलरताईच्या शेजारी, नेहमीच्या जागेवर. पण तिची मान सारखी दाराकडे. ड्रायव्हर कुरकुरायला लागला तशी सिस्टर म्हणाली, आणखी थोडं थांबू. टेलरताई खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी सिस्टर उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "तिला बरं नसेल. एकटी राहते ती. मी बघून येते, तुम्ही निघा."

टेलरताईनं तिचा हात धरला. "अगं, तू कशाला? येईल ती तिची तिची."

"कशी येईल? दीपगृहाला काय दुसरी बस जाते का?" असं म्हणत सिस्टर उतरलीसुद्धा.

ती बाजाराच्या मागे आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की पुढचंही बोलावं लागलं असतं. बस सुटली. दीपगृहाशी बायका गलका करत वर गेल्या आणि टेलरताई खाली दगडी बाकावर पिशव्यांच्या ढिगाऱ्यात बसून राहिली. शेजारची जागा मोकळीच होती. तिनं तिथे कुणाची तरी छत्री ठेवून दिली.

परत आल्यावर ती तडक सिस्टरच्या घरी गेली. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत पलंगभर कपड्यांच्या चळती लागल्या होत्या. पँट, स्वेटर, मोजे, आणि वरच्या बाजूला नीट घडी केलेले शर्ट. ते बहुतेक शर्ट टेलरताईनंच शिवलेले. कपाट सताड उघडं, रिकामं. क्रेनबाई स्टुलावर उभी राहून वरचा कप्पा पुसत होती.

"आज दिवस मोकळाच मिळाला," सिस्टर म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज हलका होता. "ही म्हणाली, चल, काहीतरी काम काढ. मी म्हटलं, हेच काढू."

टेलरताई दारातच उभी राहिली. जो दिवस तिनं स्वतःसाठी राखून ठेवला होता, तो तिनं आपल्याच हातानं दुसरीच्या ओंजळीत टाकला होता. क्रेनबाईनं स्टुलावरून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कप्पा पुसायला लागली. "बाजारामागे बसची वाट बघत उभी होती बिचारी," सिस्टर म्हणाली. "आपणच चुकीचं ऐकलं म्हणते, यंत्रांच्या आवाजानं कान गेलेत." तिनं चहाडी केली असती तर आला असता, त्याहून जास्त राग टेलरताईला त्या सांभाळून घेण्याचा आला. चांगलं असण्यातसुद्धा हिनंच पुढे राहायचं का?

"तिचे कान चांगले आहेत," ती म्हणाली. "मीच तिला बाजारामागे पाठवलं. मुद्दाम."

सिस्टरनं हातातल्या स्वेटरची घडी पूर्ण केली.

"तू आत्ता घरी जा," ती म्हणाली. "मी चिडलेय, आणि आज मला चिडायचं नाहीये."

महिनाभर सिस्टर दुकानाकडे फिरकली नाही. हॉलमधल्या कार्यक्रमाला ती दुसऱ्या रांगेत बसली, क्रेनबाईच्या शेजारी. टेलरताईनं चहाचे कप मोजायचं निमित्त काढून मागेच वेळ घालवला. संध्याकाळचा डबा करायची सवय हाताला होती, तो ती स्वतःच खायची.

मग एका दुपारी सिस्टर आली आणि तिनं काउंटरवर तीन शर्ट ठेवले. एक निळा, एक बारीक रेघांचा, दोन्ही कोरे करकरीत. तिसरा खाकी, कॉलर विरलेली, धुऊन धुऊन रंग गेलेला. "यांचे उशीचे अभ्रे शिव," ती म्हणाली. "मला एक, तुला एक, तिला एक. कुणाला कुठला ते तू ठरव." जाताना ती पंख्याखाली क्षणभर टेकली, पाणी प्यायली. टेलरताईला तेवढंही पुष्कळ वाटलं.

कुणाला कुठला हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. निळा सिस्टरला, रेघांचा आपल्याला आणि तो फडक्यासारखा खाकी क्रेनबाईला. शिलाई मात्र तिनं तिन्हींची सारखीच घातली. कामात खोट काढायला कुणाला जागा द्यायची नव्हती.

सिस्टर न्यायला आली तेव्हा तिनं तिन्ही अभ्रे समोर मांडले. सिस्टरनं खाकी उचलला आणि तो हातात घेऊन खुर्चीवर बसलीच.

"हा कुणाला?"

"क्रेनबाईला."

"अगं, हा ह्यांचा सगळ्यात लाडका. सुट्टीच्या दिवशी अंगातून निघायचा नाही, म्हणून तर असा झाला." तिनं अभ्रा गालाला लावला. "मी मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, तुझा हात कुठे जातो बघू. हा तू तिला देतेस?"

टेलरताईच्या जिभेवर शब्द आले होते. चुकून झालं, तो माझ्याकडे राहू दे. इतकं सोपं होतं. रेघांचा क्रेनबाईला दिला असता तर तिला कधी कळलंही नसतं.

"फिका म्हणून तिला काढला होता," ती म्हणाली.

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. "मग आता?"

"आता तिलाच दे." तिनं खाकी अभ्र्याची घडी घातली, कागदात बांधला आणि दोरीची गाठ जरा जास्तच घट्ट मारली. सिस्टर पुडकं घेऊन उठली, दाराशी थबकली आणि म्हणाली की मी तिच्याकडेच निघालेय, येतेस का.

टेलरताईला अजिबात जायचं नव्हतं. तिनं मशीनवर झाकण घातलं, चप्पल पायात सरकवली आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.