एअर फिल्टर आणि सुनेचा पायगुण

मित्रांनो, मी एक जुना एअर फिल्टर आहे. मोटारीचे इंजिन हवा ओढते आणि त्या हवेतली धूळ मी अडवतो. घड्या घातलेला कागद आणि त्याला रबराची कड, एवढाच माझा देह. तरीही ज्या अब्दुवहोबच्या गाडीत मी आयुष्य काढले, त्याच्यापेक्षा मला अक्कल जास्त होती, हे ठणकावून सांगतो.

कोकंद शहराच्या बाजारात मेकॅनिकने मला त्याच्या जुन्या पांढऱ्या गाडीत, इंजिनावरच्या गोल डब्यात बसवले. वरचा नट हातानेच आवळला आणि बजावले, "आका, अधूनमधून हा डबा उघडून बघत जा." अब्दुवहोबने मान डोलावली. त्यानंतर त्या नटाला कुणाचा हात लागला नाही. बाहेरून मात्र गाडीचे लाड चालत. रोज फडके फिरे, सीटवरचे प्लास्टिकही त्याने काढले नव्हते. गाडी सांभाळावी तर अब्दुवहोबने, असे शेजारी म्हणत. मला त्या शेजाऱ्यांचीही कीव येई.

मग मुलाचे लग्न झाले आणि ओयदिन याच गाडीतून केलिन, म्हणजे सून म्हणून घरी आली. मुलगा लगेच रशियाला कामावर गेला. नव्या सुनेने पहाटे उठून मातीचे अंगण झाडायचे, तेही आधी पाणी शिंपडून, असा तिथला रिवाज. पण पाण्याने गाडीच्या चाकांवर शिंतोडे उडतात म्हणून अब्दुवहोबने शिंपडायला बंदी केली. ती बिचारी कोरडेच झाडायची. नेमक्या त्याच वेळी हा शहाणा इंजिन तापायला म्हणून गाडी चालू करून आत चहा पीत बसायचा. उभ्या गाडीत पेट्रोल जळे आणि अंगणातली धूळ माझ्या घड्यांत भरे. माझा जीव घुसमटला.

इंजिनाला हवा पुरेना. गाडी काळा धूर ओकू लागली आणि पेट्रोल ढोसू लागली. अब्दुवहोबने चिडून रस्त्याकडेला बाटल्यांतून विकतात ते हलके पेट्रोल भरले. इंजिन खडखडू लागले, तेव्हा घाबरून सर्वांत महागडे भरले. कोणते पेट्रोल चालते ते टाकीच्या झाकणामागे छापले होते, पण वाचायचे कष्ट कोण घेणार? चाकांत हवा निम्मीच होती. तीही त्याने भरली नाही, नुसती पुसून चकचकीत केली.

"अहो, ही केलिन घरात आल्यापासूनच गाडी एवढं पितेय," त्याची बायको मुकर्रम म्हणाली. "पायगुण म्हणतात तो हाच."

नवऱ्याला ते लगेच पटले, कारण त्यात त्याला स्वतःला काही करावे लागत नव्हते. त्याने बॉनेट उघडून इंजिनाला, दृष्ट उतरवायला जाळतात त्या इसिरिकच्या सुक्या पाल्याची धुरी दिली. माझ्या डब्याभोवती धूर फिरला, डबा उघडला नाही. राखही मीच गिळली. धुरीने गुण येईना, तेव्हा सुनेला मार्गिलानला माहेरी पोचवायचे ठरले. अशी पोचवलेली सून कुणी परत आणत नाही, हे ओयदिनला माहीत होते. आणखी लवकर उठेन, आणखी स्वच्छ झाडीन, असे ती सासूला विनवत राहिली. मला रडू आले असते, पण कागद भिजला की संपला.

वाटेत तुतीच्या झाडांपाशी गाडीने मान टाकली. अब्दुवहोब बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहिला. ओयदिन खाली उतरली आणि या डब्यात काय असते म्हणून तिने विचारले.

"असेल काहीतरी. त्याला हात लावायचा नसतो."

तिला आता भिण्यासारखे काही उरले नव्हते. तिने नट फिरवला, मला बाहेर काढले आणि गादी झटकावी तशी तुतीच्या बुंध्यावर आपटले. माझ्यातून माती पडली, केरसुणीच्या काड्या पडल्या, राख पडली.

"ही आपल्या अंगणातली माती आहे, ओताजान," ती सासऱ्याला म्हणाली. "तुम्ही मला पाणी शिंपडू दिलं नाहीत."

तिने मला परत बसवले. गाडी झटक्यात सुरू झाली, धूरही विरळ झाला. अब्दुवहोबचा चेहरा खुलला.

"बघ, शेवटी धुरीचा गुण आला," तो म्हणाला. "बस, घरी जाऊ. तुझ्या सासूची समजूत मी काढतो."

मित्रांनो, असल्या माणसाच्या गाडीत मी आयुष्य घालवले, याची मला लाज वाटली. ओयदिनने आपली गाठोडी खाली उतरवली.

"दोष माझ्यात नव्हता, एवढंही तुम्ही अजून म्हटलं नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "मी माझी जाते. तुमच्या मुलाला सांगा, मी मार्गिलानला आहे."

मागून आलेल्या बसला हात करून ती निघून गेली. अब्दुवहोबने नवा फिल्टर घेतला आणि मला स्टेशनजवळच्या चायखान्यामागच्या गटारात भिरकावले. गाडी आता किती कमी पेट्रोल पिते, हे तो तिथे बसून सगळ्यांना ऐकवतो. मित्रांनो, फिल्टर झटकत जा, चाकांत हवा भरत जा, इंजिनाला मानवते तेच पेट्रोल घाला. एवढे जमत नसेल तर निदान घरच्या माणसावर खापर फोडू नका.

काल अब्दुवहोबचा मुलगा रशियाहून परतला. बाप धुतलेली गाडी घेऊन स्टेशनवर उभा होता. मुलाने त्याला सलाम केला, बॅग उचलली आणि मार्गिलानच्या बसमध्ये जाऊन बसला.