फेडलेला नवस

हल्ली मी झोपेत "पासष्ट, पासष्ट" बडबडते म्हणे. खोलीत ऐकायला दुसरं कोणीच नाही, तेव्हा हे "म्हणे" पण माझंच.

आमच्या नर्सिंग कॉलेजात यंदापासून नवा नियम आला. चार वर्षांच्या ड्युट्या, प्रात्यक्षिकं, लेखी पेपर हे सगळं एका बाजूला आणि शेवटी कॉम्प्युटरवर द्यायची एक परीक्षा दुसऱ्या बाजूला. ती बाहेरच्या कुठल्याशा कंपनीने काढलेली, सगळीकडे सारखी. तिच्यात शंभरात पासष्ट आले तरच शेवटच्या सेमिस्टरची ग्रेड मिळणार. तीन संधी. तिसरीही हुकली तर सगळं वर्ष परत.

मी ढ नाही, हे आधीच सांगून टाकते. वॉर्डात माझं नाव होतं. मुळगावच्या यशोदा आजी ऑपरेशननंतर पेजेचा घोटही घेईनात. आमच्यातल्या तीन जणी हात टेकून आल्या. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "आजये, माझ्याखातीर दोन घोट घे गो." आजीने अख्खी वाटी संपवली, वर लोणचं मागितलं. त्यानंतर कोणी हट्टाला पेटलं की "गौरवीक आपया", गौरवीला बोलवा, अशी हाक यायची.

आणि एप्रिलच्या परीक्षेत नेमका हाच प्रश्न. ब्याऐंशी वर्षांची बाई दाखल झाली आहे, नर्स तिला आजी म्हणून हाक मारते, हे कसं? मी बेधडक "योग्य, त्याने विश्वास वाढतो" यावर टिचकी मारली. चूक. कंपनीच्या मते असं बोलणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला लहान लेखणं. तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारायची. आमच्या लाटंबार्स्यात म्हाताऱ्या बाईला पूर्ण नावाने हाक मारली, तर घरी समन्स आलं की काय म्हणून ती आधी दार लावून घेईल.

असे बरेच प्रश्न चुकले. रोगी निर्णय घ्यायला कचरतो, काय कराल? मी निवडलं, घरच्यांना बोलवा. चूक. बटण दाबल्या दाबल्या पडद्यावर आकडा आला, बासष्ट.

मी बाहेर पॅसेजमध्ये आले आणि तेवढ्यात आईचा फोन आला. ती देवळातून बोलत होती. आमच्याकडे नवस बोलला की तो जिभेवर ठेवून चालत नाही, काम झाल्याची खबर येताच फेडायचा. तिने देवीला साडी, पाच नारळ आणि आमच्या वाड्यावरच्या सगळ्या घरांना जेवण बोललं होतं. साडी ताटात घालून, गुरवाला बसवून, वाड्यातल्या दहा बायका भोवती घेऊन ती माझ्या निकालाची वाट बघत उभी होती.

"पास जालंस मगो बाय?"

मागून बायका म्हणत होत्या, विचार गो, विचार. मला त्या ताटातली साडीसुद्धा दिसली.

"होय," मी म्हटलं.

"पास जाला गो आमचा चेडू! फोडा नारळ!" आईने फोन बंद न करताच ओरडून सांगितलं, आणि पाचही नारळ मी कानाने ऐकले.

आता मला सांगा, दुसऱ्या दिवशी काय सांगणार होते? नवस बोलायची रीत आहे, फेडायची रीत आहे. फेडलेला परत घ्यायची रीत आमच्या गुरवालाही ठाऊक नाही. वाडा जेवून तृप्त झाला होता. देवी साडी नेसून बसली होती. खरं सांगितलं असतं तर आई मला बोलली नसती, देवीला फसवलं म्हणून स्वतःच उपास धरून बसली असती. मग मी खोटं पुढे रेटलं. इथेच इस्पितळात नोकरी लागली, हॉस्टेलातच राहते, रजा नाही. घर बसने तासाभरावर, आणि मी चार महिने गेले नाही.

खोलीत चार खाटा. तिघी पहिल्याच फटक्यात पास होऊन गेल्या, त्यांच्या गाद्या गुंडाळलेल्या. त्यांतली सुविधा वास्कोला कामाला लागली. सुरुवातीला ती रोज फोन करायची. पुढे रविवारी आणि मग माझ्या वाढदिवसाला. तिचा दोष नाही, ड्युटी काय असते मला कळतं. पण संध्याकाळी मेसमध्ये एकटीने पाव पातळ भाजीत बुडवताना समोरच्या बाकाकडे बघवत नसे. मी ताट वर खोलीत आणू लागले. तिथे तर चार खाटा होत्या.

जूनमध्ये दुसऱ्या संधीला चौसष्ट आले. एका मार्काने गेले. त्या दिवशी मी रडले नाही, नुसती जिन्यात बसून राहिले.

आमच्या शेवंती मॅडमनी मला समोर बसवलं. "गौरवी, तू वॉर्डात जशी वागतेस तशीच उत्तरं देतेस. तसं नको. कंपनीला काय हवं ते शोध आणि त्यावर बोट ठेव. वॉर्डात मग तुझं तू बघ."

दोन महिने मी तेच घोकलं. आधी तपासा, मग बोला. घरच्यांना नको, रोग्यालाच विचारा. आजी नको, पूर्ण नाव. तोंडपाठ झालं, इतकं की यशोदा आजी तपासणीला आल्या तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "यशोदा गोविंद गावडे?" आजीने मान वर करून बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, तुम्ही नवीन काय?" मला ते फार लागलं.

तिसरी परीक्षा गणपतीच्या चवथीच्या तीन दिवस आधी होती. कॉलेज अर्धं रिकामं, मॅडम रजेवर गावी गेलेल्या. हॉलमध्ये आम्ही तिघंच, तिघं तीन टोकांना. मी शेवटचं बटण दाबलं. एकाहत्तर.

एकाहत्तर! मी उभी राहिले. कुणाला तरी घट्ट धरावंसं वाटत होतं. देखरेखीला बसलेले गृहस्थ म्हणाले, "बसून राहा, बाकीच्यांचं चाललंय."

बाहेर येऊन सुविधाला मेसेज केला. तिच्याकडून एक अंगठा आला. मग मी आईला फोन लावला. काय बोलायचं ते काही ठरवलं नव्हतं, फक्त तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

"आई, मी पास जालंय."

पलीकडे कढईत करंज्या तळल्याचा आवाज. "किते?"

"पास जालंय गो."

आई खळखळून हसली. "गो खुळ्या, ता एप्रिलात जाला मगे! देवीक साडी नेसवली, वाडो जेवलो. आता कित्याक तेच परत?"

"असंच. आठवण येयली."

"आठवण येता तर घरा यो! चवथीक तरी रजा दितत मगो?"

"दितत," मी म्हटलं.

"बरा जाला. ठेवतंय, नेवऱ्यो करपतत."

तिने फोन ठेवला, आणि मी कोणाला ऐकू जाणार नाही असं, हळूच, स्वतःला सांगितलं की पास झालीस गो बाय.