कुजकी ठरवलेली शिडी

मित्रांनो, भिंतीला टेकून उभे राहणे आणि दुसऱ्याला वर पोहोचवणे, एवढेच काम मला येते. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. एका म्हाताऱ्या सुताराने मला बारा पायऱ्या दिल्या आणि एका तरुण रंगाऱ्याने मला खांद्यावर घेऊन घरी नेले. दरवर्षी तो मला आठवणीने तेल पाजत असे.

त्याचे तीन मित्र होते. चौघे एकाच डब्यात जेवत. त्यांतला एक तर त्याचा जिवलग. रंगारी वर चढला की खालच्या पायरीवर पाय रोवून मला धरून ठेवणे, हे त्या जिवलगाचे काम. भिंती घासणारी एक मावशी मात्र सदैव करवादत असे. “गप्पा कसल्या मारतोस? शिडी धर.” चौघे हसत. तिचे नावच त्यांनी ‘कटकट’ ठेवले होते, आणि रंगारीही तिला त्याच नावाने हाक मारी.

एके दुपारी जिवलग मला सोडून चहाला गेला. ओल्या फरशीवर माझे पाय सरकले आणि रंगारी कोसळला. त्याचा खुबा मोडला. दुसऱ्या दोघा मित्रांनी त्याला उचलून नेले. चहावरून धावत आलेला जिवलग मागे राहिला. त्याने इकडेतिकडे पाहिले, हातोडी घेतली आणि माझी सहावी पायरी दोन घावांत मोडली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

काही दिवसांनी त्यांना काम देणारा ठेकेदार त्या तिघा मित्रांना घेऊन रंगाऱ्याच्या घरी आला. मलाही तिथेच आणून टाकले होते. रंगारी आता चढू शकणार नव्हता; बसून रंग कालवण्याचे काम तरी मिळावे, एवढीच त्याची आशा होती.

“चूक शिडी धरणाऱ्याची असेल तर त्याला काढतो,” ठेकेदार म्हणाला. “तुझी असेल तर तुला काम नाही.”

रंगाऱ्याने जिवलगाकडे पाहिले. त्यानेच बोलावे, म्हणून तो स्वतः गप्प राहिला.

“मी तर धरून होतो, साहेब,” जिवलग म्हणाला. “शिडीच कुजकी याची. किती वेळा सांगितलं, नवी घे. ऐकेल तर शपथ.”

उरलेल्या दोघांनी माना डोलावल्या.

दारात उभी असलेली मावशी आत आली. माझ्या जखमेवर बोट ठेवून म्हणाली, “कुजलेलं लाकूड भुसभुशीत तुटतं. हा हातोडीचा घाव आहे. आणि हा तेव्हा चहा पीत होता, मी पाहिलंय.”

ठेकेदाराने एका बाजूची तोंडे मोजली, मग दुसऱ्या बाजूचे एकच तोंड. “तुझी कटकट फार झाली,” तो तिला म्हणाला. “उद्यापासून तूही येऊ नकोस.”

सगळे गेल्यावर रंगारी म्हणाला, “मावशी, तुमचंही काम गेलं.” त्याने तिला प्रथमच मावशी म्हटले.

“मेलं ते काम. तू आधी कूस बदल, पाठीला फोड येतील.”

त्यानंतर ती रोज येत राहिली. मित्रांपैकी कुणी उंबरा ओलांडला नाही.

दोन महिन्यांनी जिवलग आला. मला वाटले, माफी मागेल. त्याने मला आडवी केली, अंगठ्याने दाबून पाहिले, बोटांनी वाजवले.

“उंचावरचं काम आलंय. शिडी देतोस? एक पायरी नवी ठोकली की झालं. लाकूड बघ कसं खणखणीत आहे.”

त्याचे शब्द त्यालाच उशिरा ऐकू आले. रंगारी कुबडी सावरत उभा राहिला.

“चल, हेच ठेकेदाराला सांग.”

“आता कशाला जुनं उकरतोस,” तो पुटपुटला आणि निघून गेला. ठेकेदाराकडे तो कधीच गेला नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तेल द्या, ओलाव्यापासून जपा; पण याहून मोठी एक दया करा. तुमच्या हातून काही मोडले, तर ‘माझ्या हातून मोडले’ एवढे म्हणा. आम्ही मुक्या आहोत, ढकललेला दोष निमूट सोसू. पण तो आमच्यापाशी थांबत नाही. ज्याच्या घरी आम्ही टेकून उभ्या असतो, त्याच्या ताटापर्यंत तो जातो.