शून्य रक्ताच्या बाया

नळदुर्गजवळच्या त्या गावात समाजमंदिरापुढं सगळा गाव लोटला होता. भिंतीवर रक्ततपासणी शिबिराचा, कॉम्प्युटरवर छापलेला तक्ता चिकटवला होता. पहिल्या ओळीत मथुराबाईचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, अकरा. तिच्याखालच्या एकूण एक बाईपुढं शून्य!

"कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाय!" मांत्रिक रणधीरबाबा गरजला. "हडळीनं समद्यांचं रक्त पिलंय. मथुराबाई वाचली, कारण दंडात माझा ताईत हाय. ह्याला म्हणत्यात सायन्स!"

सहा महिन्यांची गरोदर शिवरंजनी सासूला, सिद्धम्माला, चिकटून बसली होती. पुढं निखाऱ्यावर बाबाची सळई लाल होत होती. हडळ पळवायला पहिला डाग तिच्याच पोटावर द्यायचा ठरला होता.

"आत्या, घरी चला ना."

"गप गं. बाळाचं रक्त बी पिलं तर?" सिद्धम्मानं तिचं मनगट घट्ट धरलं.

बाबानं सळई उचलली. शिवरंजनीनं दोन्ही हातांनी पोट झाकलं आणि ती किंचाळली, "शिबिरात सुई टोचली तवा लाल थेंब आला की! रक्त न्हाय, तर मग ते काय हुतं?"

गर्दी चपापली. तेवढ्यात शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मिनाज मॅडम लॅपटॉप घेऊन पुढं घुसल्या. शिबिर शाळेतच झालं होतं, फाईलही तिथंच होती.

"सळई खाली ठेवा! मथुराबाईंना ताईतासकट दुसऱ्या ओळीत घेते. शिवरंजनीला पहिल्या."

त्यांनी स्क्रीन गर्दीकडं वळवली आणि गणिताचं सूत्र वरून खाली ओढलं. शिवरंजनी नऊ. मथुराबाई शून्य! मथुराबाईनं घाबरून दंड चाचपला. ताईत जागेवरच होता.

"प्रत्येकीचं रीडिंग तक्त्याच्या वरच्या घरातल्या एकाच आकड्यानं गुणायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "सूत्र खाली ओढलं की त्यातला पत्ताही एकेक घर खाली सरकतो. रीडिंगचा पत्ता सरकायलाच हवा. पण त्या आकड्याचाही सरकला आणि रिकाम्या घरावर गेला. रिकाम्या घरानं गुणलं, की शून्य! आता त्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावते. मग तो जागचा हलत नाही."

पुन्हा ओढलं. मथुराबाई अकरा, मग दहा, बारा... सगळ्यांचं रक्त परत आलं. बाबा सळई टाकून सटकू लागला, तसं लोकांनी त्याला घेरलं.

"नऊ म्हणजे कमीच," मॅडम शिवरंजनीजवळ बसल्या. "त्याला डॉक्टर, गोळ्या आणि पोटभर जेवण लागतं." मग गर्दीकडं वळल्या. "यंत्राला माणूस सांगतो आणि माणूस चुकतो. भीती वाटली, की आधी विचारा, हे झालं कसं? उत्तर मिळाल्याशिवाय लेकीसुनांच्या अंगाला कुणाला हात लावू देऊ नका."

सिद्धम्मानं शेजारची पाण्याची घागर उचलली आणि निखाऱ्यांवर उपडी केली.