मी गिळलेले सूर

मी एक जुना नॉइज गेट आहे, नको तो आवाज अडवणारा. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही शेजारी बसून नुसती चुळबुळ केलीत तरी मी संशयानेच बघेन. माझं कामच ते.

गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी एक काळा डिजिटल डबा असतो. तारांचा आवाज वायरीतून डब्यात येतो, त्याचे आकडे होतात, मग तो सजूनधजून स्पीकरकडे जातो. मी त्या डब्यात दाराशी बसतो. मला अंग नाही. एका चिडक्या बाईने संगणकासमोर बसून मला लिहिलं. तिने मला एकच गोष्ट शिकवली. आवाज ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर दार उघड, खाली आला तर लाव. सूर कोणता आणि घरघर कोणती, हे काही शिकवलं नाही. मला फक्त मोठं आणि लहान कळतं. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

आठ वर्षं मी दादाकडे काढली. दादा नाटकांत गिटार वाजवायचा आणि तारांवर तुटून पडायचा. त्याला फाटका, करकरीत आवाज आवडे. असा आवाज काढताना डबा वायरीतली गुणगुणही फुगवतो. दादाचा हात थांबला की मी दार लावायचो आणि सगळं चिडीचूप. लोक म्हणायचे, "काय स्वच्छ वाजवतो." दादा मान डोलवायचा. माझं नाव एकदाही घेतलं नाही त्याने. असो.

मग दादाची धाकटी बहीण पुन्हा वाजवायला आली. तिला मी ताईच म्हणतो. तिचं उजवं मनगट मोडलं होतं, चार महिने हात गळ्यात होता. नव्या नाटकात पहिला अंक दादाचा आणि शेवटचा प्रवेश तिचा, याच डब्यावर. रंगमंचावर एक म्हातारा एकेक खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवतो आणि ताईची गिटार हळूहळू विझत जाते. बस, एवढंच. पण नाटक त्याच्यावरच संपायचं होतं. पहिला प्रयोग रविवारी होता.

बुधवारी तालमीत नवीच घरघर सुरू झाली. मधेच यायची, मधेच जायची. ती कुठून येते हे दादाने शोधायला हवं होतं. त्याने काय केलं? खाली वाकून माझा आकडा वर चढवला, उणे साठ डेसिबलवरून उणे पस्तीसवर. घरघर गप्प झाली. तो खूश. डब्यातल्या सगळ्या आवाजांना मी एकटाच पहारेकरी, हे तो विसरला. आता दारातून आत यायला चांगला दांडगा आवाज लागणार होता.

गुरुवारी ताईने वाजवलं. हळू छेडलेले सूर मी दारातच अडवले. जे आत आले त्यांची शेपटी कापली.

"पुन्हा," दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. चौथ्या वेळी बाईंनी वही मिटली. "हात अजून जोर धरत नाहीये तुझा. उद्या नाही जमलं तर आपण रेकॉर्डिंग लावू."

"जोर लाव ना जरा," दादा म्हणाला.

"लावतेय रे."

"मग आवाज कुठे जातोय?"

ताई मनगटाकडे बघत बसली, चोर पकडल्यासारखी. सगळ्यांचा संशय तिच्या हातावर, तिचाही. माझ्यावर कुणाचाच नाही. सगळ्यांवर डोळे वटारणारा मी, आणि गुन्हेगार मीच. सांगायला तोंड नव्हतं.

शुक्रवारी पुन्हा तालीम. ताईच्या खुर्चीला खेटूनच कपडेपटाच्या मावशी विजेच्या मशीनवर म्हाताऱ्याचा कोट शिवत होत्या. ताई वाजवायला लागली तशा त्या दोरा ओवायला थांबल्या. ताईने पहिली ओळ वाजवली. सूर तुटला, दुसरा आलाच नाही.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगचं बघते मी."

"का राहू दे?" मावशी म्हणाल्या. "चांगली वाजवतेय की पोर."

"मावशी, तुम्ही कोट बघा."

"कोट बघतेच आहे. पण मी इथे तिच्या मांडीला मांडी लावून बसलेय. तारा अगदी शेवटपर्यंत वाजतात. तुमच्या त्या भोंग्यातून येत नाहीत, त्याला ती काय करणार?"

दादा गुडघ्यावर आला, डब्याच्या पडद्यावर माझा आकडा बघितला आणि त्याचे कान लाल झाले. "मीच वाढवला होता," तो पुटपुटला.

"आणि दोन दिवस मला जोर लाव म्हणतोयस," ताई म्हणाली. तिचा आवाज मात्र छोटा नव्हता.

दादाने माझा पहारा बंद केला, दार सताड उघडं. मावशींनी सहज मशीनच्या पेडलवर पाय ठेवला आणि स्पीकरमधून घर्रर्र आली. पाय काढला, गेली. पुन्हा ठेवला, आली. मशीन आणि डबा एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते, शेजारी शेजारी.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या. "म्हणजे चोर माझ्याच घरात." मशीन उचलून त्या पलीकडच्या खोलीत गेल्या.

मला पुन्हा उणे साठवर बसवलं. रविवारी म्हाताऱ्याने शेवटची खुर्ची उलटी केली. ताईचा शेवटचा सूर बारीक होत गेला. त्याच्या मागे हलकीशी सळसळ होती. ती दादाला खटकली. बाई म्हणाल्या, "असू दे. जिवंत वाटतं." मी दार उघडं धरून बसलो, सूर आपल्या पायांनी बाहेर जाईपर्यंत.

मित्रांनो, घरघर झाली तर आधी ती कुठून येते ते शोधा. वायर बघा, बोर्ड बघा, मग माझ्याकडे या, आणि आलात तरी मला बेताने ठेवा. आणि कुठेही एकदम शांतता झाली, की खूश होऊ नका. दाराशी कुणाला अडवलंय, ते जाऊन बघा.