‘न’ची जागा

माझ्या दुकानात टाचण्यांची डबी आहे, पण टाचण्या कायम माझ्या दातांत. कपडे लहानमोठे करून देण्याचं काम मी कुणाच्या हाताखाली शिकले नाही, त्यामुळे माझ्या चुकाही अस्सल माझ्याच. दोरा दातांनी तोडायचा. आणि गिऱ्हाईक “उद्याच हवंय” म्हणालं की दातांवर दात दाबून “बरं” म्हणायचं. वीस वर्षं हे चाललं. मग एका सकाळी जांभई देताना कानापाशी कट्ट वाजलं, आणि तोंड एका बोटापलीकडे उघडेना.

“दातखीळ बसली म्हण की,” सासूबाई आतल्या पलंगावरून म्हणाल्या. “माझ्या लेकाला लगेच सांगू नकोस. आनंदाने हुरळून जाईल.”

दुकान म्हणजे आमची पुढचीच खोली. मधल्या भिंतीपलीकडे सासूबाई. त्यांची नजर गेल्यापासून रोज दुपारी तासभर मी त्यांना वाचून दाखवते. तेव्हा एक रहस्यकथा चालू होती, चारशे पानांची. तीनशे बाराव्या पानावर खुनी कोण ते कळायच्या बेतात होतं. मी वाचायला घेतलं, पण तिसऱ्या ओळीला जबड्यातून कळ थेट कानशिलात गेली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळून निजल्या.

ते ‘राहू दे’ मला कळेहून जास्त लागलं. त्यांच्या अख्ख्या दिवसात तो एकच तर तास होता.

घरी मी दोन्ही हातांनी जबडा ताणून पाहिला. मग दवाखाना गाठला, तर ते ऐकून तिथल्या फिजिओथेरपीवाल्या पोरीने कपाळाला हात लावला. “काकू, जबडा आहे तो, बरणीचं झाकण नाही! ‘न’ म्हणा बघू.”

“न.”

“जीभ कुठे टेकली?”

“वरच्या दातांच्या मागे.”

“किंचित आणखी मागे, टाळूला. हीच तिची जागा. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे. आता जीभ तिथेच ठेवून तोंड हळू उघडा, दुखायच्या आत थांबा. सहा वेळा. असं दिवसातून सहादा. आणि टाचण्या डबीत!”

मशीनशेजारी आरसा टांगला. आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दोन्ही गालांवर ठेवायचं, मग ‘न’. आरशात मला फक्त माझं ध्यान दिसायचं. चूक पकडायच्या त्या सासूबाई, तेही पलीकडच्या खोलीतून.

“डावीकडे वाजलं. वाकडं उघडतेयस.”

बघते तर खरंच, हनुवटी डावीकडे सरकलेली.

दुसऱ्या आठवड्यात हॉटेलचे मॅनेजर गठ्ठा घेऊन आले. वेटरांच्या बावीस पँटी. “ताई, उद्या सकाळी द्याल ना?”

माझी चौथी खेप चालू होती. जीभ सुटली, ती जागेवर आणायला मी म्हटलं, “न…”

आतून आवाज आला, “ऐकलंत ना? नाही म्हणतेय ती.”

मॅनेजर गठ्ठ्यासकट उभेच. “ताई कधी नाही म्हणाल्या नव्हत्या.”

“आता शिकतेय. दिवसातून छत्तीस वेळा म्हणायला सांगितलंय.”

अहो, तसं नाही, असं सांगायला हवं होतं. पण जीभ नुकती जागेवर बसली होती आणि दोन खेपा बाकी होत्या. त्या होईपर्यंत मॅनेजरच म्हणाले, “मग सोमवारी चालेल. सोमवार मिळेल ना?”

ते गेल्यावर मी आत गेले. “आई, मी नुसतं ‘न’ म्हटलं होतं.”

“माहितीये. डोळे गेलेत माझे, कान नाही. पुढचं मी जोडलं.” वर म्हणाल्या, “दिवसभर ‘बरं’ म्हणतेस आणि झोपेत दात खातेस. वीस वर्षं भिंतीतून ऐकतेय मी.”

आभार मानलेले त्यांना खपत नाहीत, म्हणून नुसतं त्यांचं पांघरूण सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

सहा आठवड्यांनी तोंडात तीन बोटं मावली. त्या दुपारी पुस्तक काढलं. प्रत्येक पानानंतर एक ‘न’, असं करत सात पानं वाचली, न थांबता नाही, पण न कळवळता. खुनी पुतण्या निघाला.

“मला पहिल्या पन्नास पानांतच कळलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

“आई! तुमचं अडलंय म्हणून मी इथे झुरतेय! आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू व्यायाम सोडला असतास. मला काय तू माहीत नाहीस?”

मी आ वासून बघत राहिले. छान, सरळ, अजिबात न वाजता.

“मिट आता,” त्या अंदाजानेच म्हणाल्या. “ओठ मिटलेले, दात सुटे. आणि उद्या याहून जाड पुस्तक आण.”